तिसरं कांडं

आमचा तंबू मोडला तो दिवाणखान्यात, चालू पंख्याखाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण तंबू मोडला म्हटलं की ऐकणाऱ्याला उगाच हिमालय दिसू लागतो. इथे टीपॉय होता आणि टीपॉयवर हिने निवडायला घेतलेली मेथी होती. कोजागिरीला पाचनईला जायचं, नेहमीच्या मावशींच्या अंगणात तंबू ठोकायचा, चांदण्यात दूध आटवायचं आणि सकाळी हरिश्चंद्रगड चढायचा, असा बेत होता. चार वर्षं माळ्यावर पडलेला तंबू ‘एकदा लावून बघू’ म्हणून उघडला, फायबरचा दांडा कमानीसारखा वाकवला, आणि त्याचं दुसरं कांडं ऊस मोडावा तसं वाजलं.

“मोडलं?” आतून हिने विचारलं.

“वाकलं,” मी म्हणालो.

मेव्हणा सोफ्यावर होता. त्याने मोबाइलमधून डोकंही वर न काढता निकाल दिला, “दाजी, नवा घ्या. अडीच-तीन हजारात येतो.”

‘नवा घ्या’ हे आमच्या घराण्यात अपशब्दात जमा आहे. आमच्या आजीने फाटक्या नऊवारीची गोधडी केली, गोधडी विरल्यावर तिची बसकरं केली, बसकरं झिजल्यावर त्यांची पायपुसणी झाली, आणि त्यातलं एक अजून मोरीपाशी आहे. अशा घरातला माणूस एका कांड्यासाठी अख्खा तंबू टाकेल? मी मेव्हण्याला म्हणालो, “दहा दिवस आहेत. सगळं घरी करतो.” हिने मेथीच्या काड्या जरा जोरात मोडल्या.

मग तपासणी झाली. तंबूच्या आतल्या बाजूला हात लावला तर तळहाताला चिकटला. मागच्या खेपेला ओलाच गुंडाळून ठेवल्याचं फळ. कापडावरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत हळूहळू फुटत जातो, चिकट होतो आणि त्याला आंबलेल्या ताकाला मागे सारील असा वास येतो. शिवणींवरच्या पट्ट्या सुटून लोंबत होत्या. दाराची चेन लागत होती, पण लागल्यावर रनरच्या मागून पुन्हा उघडत होती. हवेची गादी फुगत होती आणि आपण झोपलो की आपल्याआधी झोपत होती. विजेरीत सेल गळून पांढरी बुरशी जमली होती. आणि माझे डोंगरी बूट, जे मी ‘झिजू नयेत म्हणून’ सहा वर्षांत मोजून चार वेळा वापरले होते, त्यातल्या डाव्याचा तळ कपाटातून काढताकाढताच हातात आला. बुटाच्या तळाच्या वरचा फेसासारखा थरही पॉलियुरेथेनचाच असतो. तो वापरून जितका झिजतो त्याहून जास्त नुसता ठेवून कुजतो. ही माहिती मला बूट घेताना कुणी दिली असती तर मी ते घालून भाजी आणायला गेलो असतो.

बूट घेऊन आमच्या चौकातल्या पिंपळाखाली बसणाऱ्या मामांकडे गेलो. मामांनी डावा बूट फर्म्यावर चढवला, रापीने सगळा कुजका फेस खरवडून काढला आणि म्हणाले, “उजवा कुठंय?”

“तो बरा आहे.”

“आणा. एक गेला की दुसरा जातोच. जोडी आहे ती.”

“किती होतील?”

“एकाचे अडीचशे. नवा तळ घालतो, चिकटवतो, कडेनं टाके मारतो.”

मी मनात हिशेब केला आणि उजवा बूट घरी ठेवला. मामांनी मान हलवून आरी उचलली.

दांड्याचं काम सगळ्यात नाजूक. त्यात नवं काही शोधायचं नसतं. मोडलेल्या जागेवर बोटभर लांबीची एखादी नळी घट्ट चढवायची, दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळायची, झालं. प्रश्न फक्त नळीचा. आमचा दांडा साडेआठ मिलिमीटर जाडीचा. तो हातात घेऊन मी बोहरी आळीत गेलो.

“याच्यावर बसेल अशी नळी आहे?”

“कशाची?”

“कशाचीही.”

“कशाचीही नसते. पितळ, तांबं, जीआय, पीव्हीसी?”

“किती मिळेल? मला इतकीच हवीय,” मी दोन बोटांत अंतर दाखवलं.

दुकानदाराने माझ्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “वीस फुटांची लांबी येते.”

“तंबूला हवीय हो.”

“तंबू पुढच्या गल्लीत मिळतात. नवे.”

म्हणजे हाही मेव्हण्याचाच माणूस. पुढचा बुधवार जुन्या बाजारात गेला. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे जगातल्या प्रत्येक वस्तूचा अर्धा भाग मिळतो, उरलेला अर्धा पुढच्या आठवड्यात येतो. नळी मिळाली नाही. पण एक जुनी जाडजूड पक्कड मिळाली आणि तिच्याबरोबर, घासाघीस केल्याच्या आनंदात, एक पितळी नळ मिळाला. तो का घेतला हे विचारू नका, हिने विचारून झालंय.

नळी सापडली ती आमच्याच गच्चीवर. पाण्याच्या टाकीमागे जुन्या दूरदर्शनची अ‍ॅल्युमिनियमची अँटेना अजून उभी होती, वर दोन कावळे. तिचा एक आडवा दांडा करवतीने कापला, आतून पोकळ. मोडलेलं कांडं पॉलिश पेपरने थोडं घासलं, नळी चपखल बसली. मला गहिवरून आलं. लेकीला म्हणालो, “या नळीतून 1987 साली आपल्या घरात रामायण आलं.”

“नळीतून?” ती म्हणाली. “पाण्यासारखं?”

फायबरचा दांडा घासताना हातमोजे घालावेत. मी घातले नव्हते. काचेची ती बारीक कुसळं दोन दिवस तळहातात खाजत होती, आणि आमच्याकडे तळहात खाजला की पैसे येतात असं म्हणतात, म्हणून मी गप्प राहिलो. दांड्याच्या पोटातून जाणारं गोल इलॅस्टिक तुळशीबागेतून हिनेच आणलं. तिथे जायला तिला निमित्त लागत नाही, त्यामुळे त्या इलॅस्टिकबरोबर आणखी काय काय आलं ते मी दुरुस्तीच्या खात्यात धरलेलं नाही.

शिवणींचं प्रकरण मात्र लाजिरवाणं झालं. मत्स्यालयाच्या काचा चिकटवायला जे सिलिकॉन वापरतात ते टर्पेंटाइनमध्ये पातळ करून शिवणींवर लावायचं, असं मी छातीठोकपणे ठरवलं. लावलं. गॅलरीत रात्रभर वाळवलं. सकाळी नखाने टोक उचललं तर दुधावरची साय निघावी तशी अख्खी पट्टी निघून आली. सिलिकॉन बसतं ते सिलिकॉनच्याच थराच्या कापडावर. आमचं कापड पॉलियुरेथेनचं, त्याला त्याच जातीचं लुकण लागतं. आणि सिलिकॉनचा एक कण जरी मागे राहिला तरी त्यावर दुसरं काहीही चिकटायला नकार देतं. तीन संध्याकाळी मी आणि लेक जुने टूथब्रश घेऊन ती साय खरवडत होतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हिला विचारलं, “हे घरूनच काम करतात का हल्ली?”

बाकीचं भराभर उरकलं. रनर पकडीने दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला, चेनवर मेणबत्ती फिरवली, चेन लागू लागली; झिजलेला रनर सैल होतो, एवढंच त्याचं दुखणं असतं. गादी बादलीत बुडवून बुडबुडे शोधले, सायकलवाल्याकडचं पंक्चरचं ठिगळ त्या प्लॅस्टिकवर टिकलं नाही, शिवणीचं उरलेलं लुकण टिकलं. विजेरीतली बुरशी लिंबाच्या फोडीने पुसली, फसफसली आणि गेली. झाकणाचा तुटलेला आकडा मात्र मी झटपट चिकटणाऱ्या थेंबाने जोडायला गेलो, आणि भेग भरायला म्हणून कापूस लावला. हा थेंब आणि कापूस एकत्र आले की तापतात, नुसते कोमट नव्हे, चांगले धूर येईपर्यंत. बोटाला चटका बसला आणि कापसासकट अंगठा तर्जनीला चिकटला. त्या दिवशी दारात आलेल्या वर्गणीवाल्या पोरांना मी ज्ञानमुद्रेत सामोरा गेलो.

त्या पोरांनीच फ्लेक्स दिला. तंबूखाली अंथरायला जाड, पाणी न झिरपणारं काहीतरी हवं होतं, आणि आमच्या चौकात एका भावी नगरसेवकांचा वाढदिवस नुकताच होऊन गेला होता. दहा बाय आठ फूट. हात जोडलेले, गॉगल, पाठीमागे वाघ आणि उगवता सूर्य. उचलून पाहिला, सव्वादोन किलो भरला. निवडून यायच्या आधीच इतकं वजन.

राहिला स्टोव्ह. गॅसची छोटी शेगडी नेता आली असती, पण कोजागिरीचं दूध आईच्या पितळी स्टोव्हवरच आटवायचं हा माझा हट्ट. हा हवा मारायचा स्टोव्ह मुळात स्वीडनचा, 1892 मध्ये तिथे लिंडक्विस्ट नावाच्या माणसाने तो काढला, आणि दक्षिण ध्रुवावर गेलेल्या अमुंडसेनच्या सामानातही तो होता. आमच्या आईने त्याच्यावर तीस वर्षं आमटी केली, तिचं नाव कुठे आलं नाही. पंपातला चामड्याचा वायसर वाळून सुरकुतला होता. तो रात्रभर खोबरेल तेलात भिजत ठेवला. सकाळी कानाच्या पाळीसारखा मऊ. पिन आईच्या शिवणाच्या डब्यातच होती, आणि रेशनवर मिळायचं त्या काळातलं अर्धी बाटली रॉकेल माळ्यावर. आईने फोनवरून तीनदा बजावलं, “तंबूत पेटवू नकोस. आणि हवा सोडायची चावी आधी बघ.”

आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ करत दुपारी पाचनईत पोचलो. मी मुद्दाम अंगणात तंबू लावायचं ठरवलं होतं. दुरुस्त केलेल्या तंबूची पहिली परीक्षा मोटारीपासून हाकेच्या अंतरावर व्हावी. आधी फ्लेक्स अंथरला. त्याचा काठ तंबूच्या बाहेर राहिला तर पावसाचं पाणी त्यावर पडून थेट तंबूखाली शिरतं, म्हणून चारी बाजू आत दुमडल्या. त्यात भावी नगरसेवकांचे हात आणि अर्धा वाघ गेला. मग दांडे वाकवले. रामायणाची नळी बसलेलं कांडं दगडासारखं उभं राहिलं. मेव्हण्याने ते दाबून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं, आणि त्याला बोलायला काही सापडेना. एवढं सुख मला लग्नानंतर प्रथमच मिळत होतं.

रात्री स्टोव्ह पेटवला. काकडा रॉकेलमध्ये बुडवून बर्नर तापवला, चावी आवळली, हवा मारली, आणि तो घरघरायला लागला. तो आवाज ऐकून माझी पाठ आपोआप ताठ झाली. या आवाजाबरोबर पूर्वी शाळेला उशीर व्हायचा. मावशी, त्यांची सून, शेजारची दोन-तीन पोरं असे सगळे गोळा झाले.

“ह्ये आता कुठं मिळतं?” मावशींनी विचारलं.

“मिळत नाही, मावशी. जुनं आहे.”

“मग आमच्याकडं गॅस हाय की आत. सांगायचं ना, दूध गरम करून दिलं असतं.”

सुनेने मोबाइलवर चित्रण केलं. मेव्हणा म्हणाला, “मावशी, तिकीट लावा.” पण दूध आटलं, वेलची-केशर पडलं, आणि बरोबर पेले हातात आले तेव्हा चंद्र ढगात गेला. लेकीने पेला वर धरून ठेवला, निदान एकदा तरी त्यात चंद्र दिसावा म्हणून. त्यात पहिला थेंब पडला.

पाऊस परतीचा होता, पण परतायच्या घाईत दिसत नव्हता. आम्ही तंबूत शिरलो. विजा, वारा, कापडावर ताशा. मी विजेरी घेऊन एकेक शिवण तपासली: कोरडी. चेन: लागलेली. गादी: फुगलेली. मी हिला म्हणालो, “बघ.” ही म्हणाली, “बघतेय.” तिच्या आवाजात किंचित कौतुक होतं, निदान विजेच्या कडकडाटात मला तसं ऐकू आलं. आणि त्या क्षणी एक जोराचा झोत आला, दुसरं कांडं जराही हललं नाही, आणि तिसरं कांडं मोडलं.

तंबू आमच्या अंगावर आला. चौघेजण ओल्या कापडाखाली चाचपडत असताना मेव्हण्याचा आवाज आला, “दाजी, रामायण शाबूत आहे!”

होतंच. मोडलं होतं ते त्याला लागून असलेलं, जे आयुष्यात कधी आजारी पडलं नव्हतं ते कांडं, माझ्या नळीच्या काठालाच. नळीने एक जागा ताठ केली, तिने वाकायचं नाकारलं, आणि तिच्या वाट्याचा बाक शेजाऱ्याला सोसावा लागला. हे मला तिथे, नाकावर ओलं कापड असताना, एकदम स्वच्छ कळलं. दहा दिवसांत मी मोड दुरुस्त केलीच नव्हती, पुढच्या कांड्यावर सरकवली होती.

बाहेर कंदिलाचा उजेड हलला. मावशी डोक्यावर पोतं घेऊन आल्या होत्या.

“मोडला का?”

“वाकला,” मी सवयीने म्हणालो.

त्यांनी दांडा हातात घेतला, नळीवर बोट फिरवलं. “हितं येवढं जाड कशापायी केलं? नमायचं तिथं नमाय नको का? शेजारची मोडंल की.” इंजिनिअर मेव्हण्याने मान डोलवली. मीही डोलवली, पण अंधारात ती दिसली नसावी. “आता वाकवायचं सोडा. मधी मेढ द्या.”

कुडाशेजारी कारवीच्या काठ्यांचा भारा होता. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते तेव्हा तिचे फोटो काढायला शहरातून झुंबड उडते. उरलेली सहा वर्षं ती गावाच्या भिंतींना उभं धरते, तेव्हा कुणी येत नाही. मावशींनी पाच काठ्या काढल्या, जुन्या लुगड्याच्या पट्टीने घट्ट बांधून त्यांचा एक खांब केला आणि टोकावर आमची दुधाची वाटी पालथी घातली, म्हणजे काठीने कापड फाटायला नको. तो खांब तंबूच्या मधोमध उभा केला. तंबू देवळासारखा ताठ झाला. “आणि खालचं प्लास्टिक वर टाका,” त्या म्हणाल्या.

फ्लेक्स खालून ओढून वर घातला, कोपऱ्यांना दगड. दुमडलेले हात उलगडले. आम्ही चौघे त्या खांबाभोवती पाय मुडपून झोपलो आणि भावी नगरसेवक रात्रभर आमच्यावर पालथे पडून, हात जोडून, पाऊस अंगावर घेत राहिले.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं. पाचनईची वाट ही हरिश्चंद्रगडाची सगळ्यात सोपी वाट, एका बाजूला पुढे झुकलेला कातळ, त्याच्या सावलीतून आडवं जायचं. मावशींच्या सुनेने बांधून दिलेली भाकरी-ठेचा वाटेतच संपला. वर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ पाहिलं आणि केदारेश्वराच्या गुहेत गेलो. कमरेएवढं थंडगार पाणी, मधोमध भलंमोठं शिवलिंग, आणि भोवती चार खांब होते त्यांतला एकच धड उभा. बाकीचे तीन मोडलेले. लोक म्हणतात, हे चार खांब म्हणजे चार युगं. चौथा मोडला की कलियुग संपलं.

मेव्हणा बराच वेळ बघत उभा राहिला. “तीन मोडलेत,” तो म्हणाला, “आणि चालू आहे.”

“दहा दिवस मी दुसरं काय सांगत होतो?”

“याला कुणी अँटेना लावलेली दिसत नाही पण,” ही म्हणाली.

कोकणकड्यावर पालथं झोपून खाली वाकून पाहिलं. असा आत वळलेला कडा पाहिला की माणूस आपोआप जमिनीला चिकटतो. मी उठलो तेव्हा माझा उजवा बूट उठला, तळ कड्यावरच राहिला. डावा, मामांनी टाके मारलेला, ताठ होता. उतरताना उजव्या पायाला तंबूची दोरी बांधली होती आणि दर पावलाला तो तळ टाळी वाजवत होता. वाटेत भेटलेल्या एका गटाने मला आधी वाट दिली आणि मग सरबताला पैसे देऊ केले.

खाली मावशींचं कापलेलं भात अंगणालगत पडलं होतं आणि पुन्हा ढग येत होते. त्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं. मी विचारण्याआधीच मेव्हण्याने आणि मी मिळून तो भातावर पसरला, या वेळी पुरा उघडून, वाघासकट. मावशींनी गॉगलवर एक दगड ठेवला. “ह्ये कोण हायेत?”

“भावी नगरसेवक,” लेक म्हणाली.

“मग राहू दे,” मावशी म्हणाल्या. “तवर भात तर वाचंल.”

कारवीचा खांब त्यांनी परत घेतला नाही. वाटी मात्र हिने मोजून घेतली.

सोमवारी संध्याकाळी उजवा बूट पिशवीत घालून पिंपळाखाली गेलो. मामा कुणाच्या तरी चपलेचा अंगठा शिवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, नुसता हात पुढे केला.

“दुसरा ना?”